रानपाणी : नव्याला कोण शिकवणार?

एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. बिरवाडीत खोली घेऊन राहणारा, एमआयडीसीत पाळीवर जाणारा लातूरकडचा मुलगा विचारतो, "काका, मला शिकार शिकायचीय. इकडे कुणी शिकवील का?"

बंदुकीची म्हणत असशील, तर नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्यावर शिकार करता यायची; 1991 च्या दुरुस्तीने तेही संपलं. शेत उकरणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळू शकते, पण ती पीक वाचवायला. भेकरामागे, साळिंदरामागे कुणी "चल, दाखवतो" म्हणाला तर जाऊ नकोस. हाकाऱ्यात नुसता ओरडत गेलास तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच.

पाण्यातली शिकार मात्र इथे अजून जिवंत आहे आणि ती फुकट शिकवणारी माणसंही आहेत. पोलादपूरच्या अंगाला एका वाडीवर एक आबा आहेत. पावसाळ्यात संध्याकाळी कुणीही दारात जावं, ते बॅटरी घेऊन खेकडे धरायला निघतात. पहिला धडा खेकड्याचा नसतोच, तो सावित्री नदीचा असतो. ती महाबळेश्वरावरून येते. इथे चांदणं असलं तरी वर ढग फुटला तर पाणी चढतं. गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या की मागे फिरायचं, पिशवी रिकामी असली तरी.

मग बीळ. तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या दिसल्या तर आत खेकडा. कोरडं, गुळगुळीत बीळ दिसलं तर हात घालायचा नाही. फुरसं असू शकतं.

खेकडा हाती आला की आबा आधी उलटा करायला लावतात. पोटाची झडप अरुंद, त्रिकोणी असली तर नर. रुंद, गोलसर असली तर मादी. मादीची झडप हलकेच उचलायची. खाली कधी पिवळी अंडी असतात, कधी तांदळाएवढी पिल्लं आईला चिकटून बसलेली. समुद्रातल्या चिंबोरीसारखी लाखो अंडी या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना नसतात. त्यांची पिल्लं अंड्यातून खेकड्याच्याच रूपात निघतात आणि काही काळ आईच्या पोटाशी राहतात. अशी मादी होती तिथेच सोडायची. पोरं हळहळतात, विशेषतः ती मोठी असली तर.

वलगणीचं तसंच. पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यांतून, शेतांच्या पाण्यातून वर चढतात ते अंडी घालायला. गाबोळीचं कालवण मलाही आवडतं. पण ओढ्याचं अख्खं तोंड जाळ्याने अडवणं मला मुळीच मान्य नाही. कालवणापुरते घ्यावेत, निम्मा ओढा मोकळा ठेवावा.

हे सांगणारं कुणी भेटलं नाही तर नवा मुलगा शिकतो ते ब्लिचिंग पावडर टाकायला आणि जिलेटिन फोडायला. डोहातलं बोटभर पिल्लूही त्यात मरतं. विष आणि सुरुंग वापरून मासे मारणं 1897 च्या मत्स्योद्योग कायद्यापासून गुन्हा आहे, तरी हे चालतं. म्हणून ज्यांना पाग टाकता येतो, ज्यांना नदी कळते, त्यांनी एमआयडीसीतल्या या परक्या मुलांना टाळू नये. ती आता इथलीच आहेत.

मुला, सुट्टीच्या दिवशी आधी काळ नदीवर वाळणकोंडला जा. वरदायिनीच्या देवळाजवळच्या त्या डोहातले खडस कुणी धरत नाही; ते देवीचे मासे. मूठभर कुरमुरे टाक आणि पाण्याखालून येणारी त्यांची पाठ नीट बघ. कुठलंही जाळं हातात घेण्याआधी एवढा पूर्ण वाढलेला मासा पाहिलेला असावा, असं आबांचं म्हणणं आहे आणि माझंही. नंतर कळव, वाडीवर कसं जायचं ते सांगतो.