करारातून बाहेर पडलो, तेल मात्र आत आले

तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा मराठवाड्यात घरोघरी असतो. तेल संपले की त्यात डाळ भरतात, नाहीतर माती भरून तुळस लावतात. उंची साधारण ३५ सेंटिमीटर. भारत एका वर्षात बाहेरून आणतो ते सगळे खाद्यतेल असल्या डब्यांत भरायचे म्हटले, तर १०६ कोटी डबेही पुरणार नाहीत. ते एकावर एक रचत गेलो, तर उतरंड पावणेचार लाख किलोमीटरच्या घरात जाईल. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. उरलेले अंतर पुढच्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्याचे तेल भरून काढील.

सरळ आकड्यांत सांगायचे तर ही आयात वर्षाला सुमारे १६० लाख टन आहे. मिनिटाला ३० टन, म्हणजे दोन हजार डबे. २०२३-२४ या तेलवर्षात त्यासाठी देशाने सुमारे १ लाख ३० हजार कोटी रुपये मोजले. देशाला लागणाऱ्या तेलातले निम्म्याहून जास्त तेल बाहेरचे आहे. आणि ही आवक चालू आहे ती शेतकरी वाचावा म्हणून भारत एका अवाढव्य व्यापारी गटाच्या उंबरठ्यावरून माघारी फिरल्यानंतरची.

तो गट म्हणजे ‘आरसेप’, प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी. वाटाघाटी २०१२ मध्ये सुरू झाल्या. आग्नेय आशियाच्या आसियान गटातले तेव्हाचे १० देश, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत असे १६ जण सात वर्षे बोलत राहिले. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी भारत यात नसल्याचे जाहीर केले. उरलेल्या १५ जणांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. गटातली माणसे सुमारे २२० कोटी. जगातल्या दर दहा माणसांपैकी जवळपास तीन आणि जगाच्या उत्पन्नाचाही तेवढाच वाटा.

हे २२० कोटी आपल्या मापाने मोजून पाहू. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात ३३ लाख ६१ हजार आणि लातूर जिल्ह्यात २४ लाख ५४ हजार लोक होते, मिळून ५८ लाख. अशा पावणेचारशे जोड्या एकत्र केल्या की आरसेप होतो. उलट न्यूझीलंड हा सगळा देश या दोन जिल्ह्यांत मावतो. त्याची लोकसंख्या ५५ लाखांच्याही आत आहे. तरी तिथली दूधभुकटी येईल या धास्तीने महाराष्ट्र-गुजरातचे दूध उत्पादक हादरले होते. कारण न्यूझीलंड आपले बहुतेक सगळे दूध बाहेर विकतो आणि आपण आपले बहुतेक सगळे दूध घरीच पितो.

बाहेर पडण्यावरून ब्रिटनमध्येही भांडण झाले, पण तिथे लोकांना मत विचारले होते. २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख आणि राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख मते पडली. फरक १२ लाख ६९ हजार ५०१ मतांचा. लातूर जिल्ह्याची निम्मी वस्ती धरा, साधारण तेवढ्या माणसांनी एका बड्या देशाची ४३ वर्षांची सोयरीक मोडली. आपल्याकडे मतदान झाले नाही, पण दोन तट पडलेच. अखिल भारतीय किसान संघर्ष समन्वय समिती रस्त्यावर आली, स्वदेशी जागरण मंच विरोधात उभा राहिला, दूध संघांनी विरोध केला. दुसऱ्या बाजूला सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी सल्लागार समितीनेच सामील व्हावे असे म्हटले होते. विरोधकांच्या हातात एक मोठा आकडा होता. २०१८-१९ मध्ये या १५ देशांशी भारताची व्यापारतूट १०५ अब्ज डॉलर होती आणि त्यातली निम्मी एकट्या चीनशी.

महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता. १९९० नंतर जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावावरून देशभरातल्या शेतकरी संघटना फुटल्या. कर्नाटकचे नंजुंडस्वामी आणि उत्तर प्रदेशचे टिकैत विरोधात होते. शरद जोशींची शेतकरी संघटना मात्र खुल्या व्यापाराच्या बाजूने उभी राहिली. जोशींचे म्हणणे असे, की सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उणे अनुदान देते. निर्यात अडवते, भाव पाडते. तेव्हा दार उघडायचे तर दोन्ही बाजूंनी उघडा. मराठवाड्यातल्या किती घरांत बाप या बाजूचा आणि मुलगा त्या बाजूचा, असे चित्र आजही दिसते.

आता सोयाबीनच्या एका क्विंटलकडे येऊ. सकाळी लातूरच्या आडत बाजारात नमुन्याची पोटली सुटते. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडतो, मीटरवर ओलावा बघतो आणि दर पुकारतो. त्या क्विंटलभर सोयाबीनमध्ये तेल असते फक्त १८ किलोच्या आसपास, बाकी मुख्यतः पेंड. म्हणजे १५ किलोचा एक डबा भरायला ८३ किलो सोयाबीन गाळावे लागते. सगळे आयात तेल सोयाबीनमधूनच काढायचे ठरवले, तर जवळपास ९ कोटी टन सोयाबीन लागेल. देशाचे पीक सव्वा कोटी टनांच्या आसपास, म्हणजे लागणारे सोयाबीन त्याच्या सातपट. देशाची सरासरी हेक्टरी साधारण १० क्विंटल धरली, तर त्यासाठी ९ कोटी हेक्टर जमीन हवी. डोंगर, शहरे, धरणे, जंगले सगळे धरून अख्खा महाराष्ट्र आहे ३ कोटी ८ लाख हेक्टरांचा. तीन महाराष्ट्रांत बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन पेरले तर हे तेल घरचे होईल.

समोरचा प्रतिस्पर्धी कोण? इंडोनेशिया-मलेशियातले पामचे झाड. एका हेक्टर पाममधून साडेतीन टनांच्या आसपास तेल निघते, आपल्या एका हेक्टर सोयाबीनमधून १८० किलो. जवळपास वीसपट. आणि सोयाबीनमध्येच गाठ घालायची तर ब्राझीलचे पीक १६ कोटी टनांच्या पुढे गेले आहे. ब्राझील ना आरसेपमध्ये आहे ना आसियानमध्ये.

आरसेपच्या भांडणात न बोलला गेलेला मुद्दा इथेच आहे. पामतेल आरसेपमधून येणारच नव्हते, ते आधीच आले होते. आसियानशी भारताचा माल-व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. १५ पैकी १२ देशांशी आपले करार २०१९ च्या आधीच झालेले होते. राहिले होते चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार पामतेलावर भारत ३०० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावू शकतो. आसियान करारात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत कच्च्या पामतेलासाठी ३७.५ टक्क्यांवर आली. ३०० वरून ३७.५. पण खरा धक्का पुढे आहे. ३७.५ टक्के लावायची मोकळीक असतानाही २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्य होते. ते शून्य कुठल्याही गटाने आपल्यावर लादले नव्हते. ते दिल्लीने स्वतः लिहिले होते.

१४ सप्टेंबर २०२४ रोजी ते २० टक्के झाले. उपकरांसह एकूण भार ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेला. खरीप काढणीच्या तोंडावर शेतकऱ्याला बरे वाटले, पण नेपाळमधून दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या साफ्टा कराराखाली बिनशुल्क शुद्ध सोयातेल येऊ लागले. नेपाळमध्ये सोयाबीन नावापुरते पिकते. तेल बाहेरून येऊन तिथे शुद्ध होत होते. त्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारातला दर बराच काळ त्याच्या खाली राहिला. मग ३० मे २०२५ रोजी, पेरणीला आठ-पंधरा दिवस उरले असताना, शुल्क पुन्हा निम्मे करून १० टक्क्यांवर आणले. शेतकऱ्याने बियाणे एका आकड्यावर विचार करून घेतले आणि पीक उभे राहिले दुसऱ्या आकड्यावर.

२०२१ मध्येही हेच झाले होते. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले. ऑगस्टमध्येच १२ लाख टन जनुक-सुधारित सोयापेंड आणायला परवानगी मिळाली आणि नवा माल बाजारात येईतो दर जवळपास निम्म्यावर आले होते. नांदेडच्या कापूसवाल्याची कथा वेगळी नाही. ज्या शहराच्या नावाने ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण एकेकाळी गाजले, त्याच पट्ट्यात २०२५ च्या हंगामात वेचणी सुरू होती तेव्हा कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलेले होते. तुरीची आयात तर २०२१ मध्येच खुली झाली.

खरे तर जकातीचा आकडा दुसऱ्याच्या हातात असणे या भागाला जुने आहे. निजामाच्या काळात नांदेड आणि लातूर वेगळ्या जकातीच्या आत होते. राज्याचे नाणे वेगळे, जकात खाते वेगळे. लोक त्याला करोडगिरी म्हणत. लातूरचा माल १९११ पासून छोट्या रेल्वेने बार्शीकडे जायचा, आणि बार्शी होती इंग्रजी मुलखात, म्हणजे जकातीच्या सीमेपलीकडे.

आता हा वाद मिटत का नाही, तेही हिशेबात बघू. आयात तेल किलोमागे एक रुपयाने महागले तर देशाच्या खिशातून १,६०० कोटी जातात. सोयाबीन क्विंटलमागे १०० रुपयांनी चढले तर शेतकऱ्यांना साधारण १,२५० कोटी मिळतात. दोन्ही आकडे सारख्याच वजनाचे, पण वाटणी सारखी नाही. पाच माणसांचे घर वर्षाला १०० किलो तेल वापरते असे धरू. तेल किलोमागे २० रुपयांनी महागले तर त्या घराला २,००० रुपये जास्त लागतील. त्याच घराची पाच एकर सोयाबीन असेल, एकरी चार क्विंटल निघाले आणि हमीभावापेक्षा ६०० रुपये कमी मिळाले, तर तोटा १२,००० रुपयांचा. तेलाचा फटका १४० कोटी लोकांना थोडाथोडा बसतो आणि लगेच बातमी होते. सोयाबीनचा फटका मोजक्या जिल्ह्यांत बसतो आणि सौद्याच्या पट्टीवरच राहतो. लातूरचा शेतकरी दोन्ही रांगांत उभा आहे. तेल विकत घेणाराही तोच, सोयाबीन विकणाराही तोच. त्याच्यापुरते पाहिले तर दुसरी रांग सहापट महाग पडते.

आरसेपमध्ये गेलो असतो तर दुधाचे आणि कारखान्यांचे काय झाले असते यावर वाद करायला जागा आहे. सोयाबीनपुरता निकाल स्पष्ट आहे. बाहेर राहिल्याने त्याचे काही वाचले नाही, कारण त्याचा भाव एका अधिसूचनेवर ठरतो, आणि ती काढायला बँकॉकला जावे लागत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या आमदार-खासदारांकडे मागायचे असेल तर एकच मागावे. तेलावरचे, कापसावरचे, तुरीवरचे आयात शुल्क मे महिन्याच्या आत जाहीर व्हावे आणि माल विकून होईपर्यंत त्याला हात लावू नये. कितीही असो, पण पेरणीच्या दिवशी जो आकडा असेल तोच काढणीच्या दिवशी असावा.