वस्तीतला दवाखाना हेही चवदार तळेच!

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, एवढाच त्या ठरावाचा भाग आपण लक्षात ठेवला. परंतु त्याच ठरावात शाळा, न्यायालये आणि कचेऱ्यांच्या जोडीला आणखी एक शब्द होता. तो शब्द म्हणजे दवाखाने! म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पाण्याचा हक्क आणि औषधाचा हक्क एकाच कागदावर लिहिला गेला होता.

त्या कागदाचे पुढे काय झाले? महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात गेला आणि तळ्यावरची बंदी जशीच्या तशी राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा कुठे त्या ठरावाला ओल आली. नंतर सनातन्यांनी दावा लावला. तो बाबासाहेबांनी दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात जिंकला. कागद, पाय आणि कोर्ट या तिन्हींशिवाय हक्क हाती लागत नाही, हा महाडचा धडा आहे. आरोग्याच्या प्रश्नावर मात आपण हा धडा विसरलो आहोत काय, असा प्रश्न पडतो.

मुंबईच्या एम-पूर्व विभागाचे उदाहरण घेऊ. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द या वस्त्यांत कोण राहतो? बौद्ध, मातंग, मुसलमान, भटके आणि शहरातून उठवून आणलेले प्रकल्पग्रस्त. २०११ च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या ८ लाख ७ हजार ७२० होती. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात सर्व विभागांमध्ये एम-पूर्व तळाला होता. शहराचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली तीही १९२७ सालीच. एकीकडे बाबासाहेब माणसांना तळ्यावर नेत होते आणि दुसरीकडे शहर आपली घाण आपल्याच माणसांच्या उशाशी आणून टाकत होते! जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली आणि धूर साऱ्या मुंबईवर पसरला, तेव्हा शहराला डम्पिंग ग्राउंड आठवले. वस्तीने तो धूर वर्षानुवर्षे गिळला, त्याची बातमी झाली नाही.

यावर प्रस्थापितांचे उत्तर ठरलेले असते: "हे लोकच अस्वच्छ राहतात, व्यसने करतात, म्हणून आजारी पडतात." या उत्तराला चोख जबाब याच विभागातून मिळाला आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या व आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी अभ्यास केला. माणसे त्याच वर्गाची, कमाई जवळपास तेवढीच. मात्र ज्या वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून, जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत, तिथे क्षयरोग जास्त. जिथे मोकळी जागा जास्त, तिथे तो कमी. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे धोका अधिक. मग हा रोग माणसाच्या सवयीतून आला की नकाशा मंजूर करणाऱ्याच्या सहीतून? श्रीमंतांच्या इमारतीला मोकळी जागा सोडण्याचा नियम आणि गरिबांच्या पुनर्वसनाला त्यातून सवलत! ही सवलत बिल्डरला मिळाली आणि तिची किंमत आमच्या बायाबापड्यांच्या फुप्फुसांनी मोजली. पूर्वी गावकुसाबाहेर ठेवत. आता शहराच्या आत ठेवतात, पण उजेडाबाहेर.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. घटनेच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. मार्गदर्शक तत्त्व कोर्टातून वसूल होत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु १९९६ मध्ये पश्चिम बंगा खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येणार नाही, असे बजावले. त्यानंतरही महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला २०२२ साल उजाडले. आदेश २०१४ चा आणि धोरण २०२२ चे! मधली आठ वर्षे टँकरच्या पाण्यावर काढणाऱ्या घरांतली काविळ आणि जुलाब कोणाच्या खात्यावर मांडायचे?

कागदावर हक्क आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? धर्मादाय रुग्णालयांचेच घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. करसवलती घेणाऱ्या या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखल्याच पाहिजेत. रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढलीच पाहिजे. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड एवढा पुरावा पुरतो. ही भीक नव्हे. रुग्णालयाने घेतलेल्या सवलतीची ती परतफेड आहे.

अशा एका रुग्णालयाच्या खिडकीवर मी नाक्यावरच्या एका मजुराच्या पत्नीसाठी उभा होतो. "कोटा फुल्ल आहे," असे उत्तर मिळाले. मी म्हटले, "ठीक आहे. आज किती राखीव खाटा भरल्या आहेत तेवढे लेखी द्या, मी धर्मादाय आयुक्तांकडे जातो." अर्ध्या तासात खाट रिकामी झाली! मला त्या खाटेचा आनंद झाला नाही, चीड आली. काळा कोट सोबत नसलेली किती माणसे त्याच दिवशी त्याच खिडकीवरून परत गेली असतील?

म्हणूनच हे काम एकट्यादुकट्या वकिलाचे किंवा पुढाऱ्याच्या चिठ्ठीचे नाही. चिठ्ठीने एक रुग्ण दाखल होतो आणि वस्ती मिंधी होते. काम वस्तीने संघटित होऊन करायचे आहे. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आले. त्याच्या निकषानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. म्हणजे २०११ चा आकडा धरला तरी एम-पूर्वला किमान सोळा केंद्रे लागतात. आपल्या प्रभागात किती आहेत, त्यात डॉक्टर किती तास बसतो, औषधांचा साठा किती, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. त्याच अभियानात ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. आपल्या चाळीची समिती आहे का? असल्यास तिच्या सभा होतात की नुसत्या सह्या होतात? क्षयरुग्णाच्या पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते आपल्या गल्लीतल्या रुग्णाच्या खात्यावर खरेच जमा होतात का, एवढे पासबुक पाहून तपासायला कोणती पदवी लागते?

आता थोडे स्वतःकडे पाहू. १४ एप्रिलला आपण डीजे आणि कमानींवर किती खर्च करतो, हे सांगायला नको. जयंती जोरात व्हावी, त्यात दुमत नाही. परंतु ज्या विहारात वंदना होते, त्याच विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ आरोग्य हक्काचे टेबल का लागू नये? तथागतांनी एका जुलाबाने आजारी, एकाकी पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन काढले होते. रुग्णाची सेवा धम्माबाहेरची कशी असेल? बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. शरीराचे हाल हाही राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी त्या काळी दाखवून दिले. आपण मात्र आरोग्य म्हणजे शिबिर, आणि शिबिर म्हणजे चष्मेवाटप, एवढ्यावर समाधान मानले.

विम्याच्या कार्डाने सारे भागेल, अशी समजूतही घातक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी कार्ड उपयोगी पडते, ते जरूर काढावे. पण कार्डाने नळाला पाणी येत नाही, खोलीत ऊन येत नाही आणि तापाची गोळी देणारा डॉक्टर वस्तीत येऊन बसत नाही.

विहारातल्या टेबलावर बसायला दोन शिकलेली मुले, दोन अनुभवी महिला आणि एक वही पुरे. कोणत्या रुग्णालयाने कोणाला, किती वाजता, काय कारण सांगून परत पाठवले, हे त्या वहीत तारीखवार लिहा. सहा महिन्यांची अशी वही घेऊन वस्ती विभाग कार्यालयात, धर्मादाय आयुक्तांकडे आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात गेली, तर तिला तोंडी उत्तर देऊन वाटेला लावता येणार नाही. ठराव झालेले आहेत, निकालही लागलेले आहेत. आता तळ्यापर्यंत चालत जायचे काम उरले आहे, आणि ते कोणी दुसरा आपल्यासाठी करणार नाही. जयभीम!