माप कोणी घेतलं, कधी घेतलं? कर्नलच्या कोडची तपासणी या दोन प्रश्नांपाशी का येते

मोबाइलवर गाणं सुरू असतं, तेवढ्यात मेसेज येतो, समोर नकाशा उघडलेला असतो. सगळी कामं एकदम चालल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात प्रोसेसर एक काम क्षणभर थांबवून दुसरं पुढे घेतो आणि पुन्हा पहिल्याकडे येतो. थांबवलेल्या कामाचा अर्धवट हिशेब प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत म्हणजे रजिस्टरमध्ये असतो. हा हिशेब जसाच्या तसा उचलून मेमरीत ठेवायचा आणि त्या कामाची पाळी आली की परत मांडायचा, ही जबाबदारी कर्नलची असते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइड फोनमध्ये आणि इंटरनेटच्या असंख्य सर्व्हरमध्ये लिनक्स नावाचा कर्नल चालतो.

हिशेब ठेवण्याच्या या जागेला बफर म्हणतात. पूर्वी तिचं माप ठरलेलं होतं. आता ते प्रोसेसरप्रमाणे बदलतं, आणि कधी कधी एकाच मशीनवर प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळं असतं. त्यामुळे हा कोड तपासणं कर्नलमधल्या नाजूक कामांपैकी एक झालं आहे. माप कमी पडलं, तर हिशेब शेजारच्या मेमरीवर सांडतो. तिथे कुणाचा काय डेटा असेल, याचा नेम नसतो.

१०८ बाइटपासून ११ हजारांपर्यंत

इंटेलच्या प्रोसेसरचा प्रवास पाहिला की अडचण लक्षात येते. अपूर्णांकांची गणितं करणारी ८०८७ ही जोड-चिप १९८० मध्ये आली. या घराण्याच्या ३२-बिट काळात अशा गणिती रजिस्टरांचा हिशेब १०८ बाइटमध्ये मावायचा. एसएसई आलं आणि जागा ५१२ बाइट झाली. पुढे एव्हीएक्समुळे ती ८३२ वर गेली. एव्हीएक्स-५१२ असलेल्या सर्व्हर प्रोसेसरवर हाच आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला.

त्यानंतर एएमएक्स आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात लागणारे मॅट्रिक्सचे गुणाकार वेगाने करण्यासाठी इंटेलने ही सोय दिली. तिच्या नुसत्या डेटासाठी ८१९२ बाइट लागतात आणि सगळं मिळून माप ११,००८ बाइटवर जातं.

बहुतेक प्रोग्राम एएमएक्सला कधी हातही लावत नाहीत. मग प्रत्येकाला ११ हजार बाइटची जागा कशाला अडवून द्यायची? म्हणून जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१६ मध्ये वेगळी व्यवस्था झाली. प्रोग्रामने आधी कर्नलकडे परवानगी मागायची. परवानगी मिळाली तरी जागा लगेच मिळत नाही. एएमएक्सची सूचना पहिल्यांदा चालवली जाते तेव्हा प्रोसेसर अडतो, कर्नलला हाक जाते आणि कर्नल तिथल्या तिथे मोठा बफर घेतो. परवानगी नसेल किंवा मेमरी मिळाली नाही, तर त्या प्रोग्रामला सिग्नल जातो आणि सहसा तो तिथेच बंद पडतो.

एआरएमचा मार्ग निराळा आहे. तिथल्या एसव्हीई या सोयीत रजिस्टरची लांबीच १२८ बिटपासून २०४८ बिटपर्यंत काहीही असू शकते. प्रोसेसरला झेपेल त्या मर्यादेत चालू प्रोग्राम ती बदलूनही घेऊ शकतो. एसव्हीईची ३२ मुख्य रजिस्टर १२८ बिटला ५१२ बाइटमध्ये बसतात, पण २०४८ बिटला त्यांनाच ८१९२ बाइट लागतात. एसएमई या पुढच्या सोयीतला मोठा तक्ता तर लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो आणि २०४८ बिटला ६४ किलोबाइटवर जातो.

गृहीत धरलेली मापं मोडली

माप बदलू लागलं आणि जुन्या ठरीव आकड्यांवर बांधलेल्या गोष्टी उघड्या पडल्या. प्रोग्रामला सिग्नल देताना कर्नल रजिस्टरांची एक प्रत प्रोग्रामच्याच मेमरीत ठेवतो. सिग्नल हाताळून झाला की तीच प्रत वाचून रजिस्टर परत भरतो. या कामासाठी प्रोग्राम वेगळी जागा राखून ठेवू शकतो. x८६ प्रोसेसरवर या जागेचं किमान माप वर्षानुवर्षं २०४८ बाइट असं लिहून ठेवलेलं होतं. एव्हीएक्स-५१२ चा एकटा हिशेबच त्याहून मोठा. ज्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून मोजकीच जागा राखली, त्यांच्या प्रोग्राममध्ये ही प्रत बाहेर सांडण्याचा धोका उभा राहिला.

२०२१ मध्ये यावर इलाज झाला. लिनक्स ५.१४ पासून x८६ वर कर्नल खरं किमान माप प्रोग्राम सुरू होतानाच सांगू लागला. ही जागा कमी पडत असेल तर प्रत लिहिण्याआधीच तो प्रोग्रामला अडवतो. जीलिबसी या मूलभूत लायब्ररीने २.३४ आवृत्तीत तो ठरीव आकडा काढून चालू मशीनला विचारण्याची पद्धत आणली.

एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या केव्हीएममध्ये असंच घडलं. आभासी मशीनच्या रजिस्टरांची प्रत बाहेर देण्यासाठी ठरवलेला साचा ४०९६ बाइटचा होता. एएमएक्स त्यात मावेना. जुना साचा बदलावा तर त्यावर चालणारे प्रोग्राम मोडतील. शेवटी माप विचारून घेणारा दुसरा मार्ग शेजारी उभा करावा लागला.

पहिली चूक : क्रमाची

२०२३ मध्ये एआरएमच्या कोडमध्ये सापडलेली चूक तपासणी शिकणाऱ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. लांबी बदलली की बफर नव्याने घ्यायचा, अशी दुरुस्ती करण्यात आली होती. हेतू योग्यच होता. पण त्या दुरुस्तीत बफर आधी घेतला जात होता आणि नवी लांबी प्रोग्रामच्या नोंदीत नंतर लिहिली जात होती. बफर घेणारा कोड माप काढायचा ते नोंदीतल्या लांबीवरून, म्हणजे जुन्याच लांबीवरून. लहान लांबीकडून मोठीकडे जाताना बफर लहानच राहायचा आणि त्यात मोठा हिशेब लिहिला जायचा. मेमरी बिघडण्याचा धोका तिथे होता.

उलट दिशेने, मोठीकडून लहानकडे जाताना फार तर थोडी जागा जास्तीची घेतली जाईल, बाकी काही बिघडणार नाही. म्हणून अशी चूक सहज नजरेतून सुटते. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बरोबर दिसते. नोंद आधी आणि बफर नंतर, एवढा क्रम बदलल्यावर प्रश्न मिटला. व्यापारात गिऱ्हाइकाची नवी ऑर्डर वहीत उतरवायच्या आधीच जुन्या पानावरून माल बांधावा, तसा हा प्रकार.

दुसरी चूक : समोरच्याच्या शब्दावर विश्वास

फेब्रुवारी २०२४ मध्ये x८६ च्या कोडमधली एक चूक दुरुस्त झाली. तिला सीव्हीई-२०२४-२६६०३ हा क्रमांक मिळाला. ही चूक सिग्नलच्या वाटेवर होती. वर सांगितलेली रजिस्टरांची प्रत मधल्या काळात प्रोग्रामच्या ताब्यात असते. त्या प्रतीत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : कोणकोणत्या सोयींचा हिशेब आत आहे आणि सगळं मिळून माप किती. प्रोग्राम दोन्ही बदलू शकतो.

एखाद्याने यादीत सोयी भरपूर लिहिल्या आणि माप मात्र कमी दाखवलं तर? प्रोसेसर यादी बघून वाचायला जातो. मेमरीचा पुढचा भाग प्रोग्रामने काढून टाकलेला असेल, तर तो अडतो. मग ती जागा खरंच हजर आहे का, हे कर्नल तपासतो. पण तपासतो फक्त प्रतीत लिहिलेल्या कमी मापापर्यंत. तेवढी जागा हजर असते, म्हणून कर्नल पुन्हा वाचायला सांगतो. प्रोसेसर पुन्हा अडतो. हे चक्र कधी संपतच नाही आणि तो प्रोग्राम कर्नलच्या आतच फिरत राहतो.

दुरुस्तीत प्रतीतलं माप विचारणंच बंद झालं. प्रोसेसर जास्तीत जास्त किती जागेला हात लावू शकतो, हे कर्नलच्या स्वतःच्या नोंदीत असतं. त्या मापाने तपासायचं. पावतीवर विसंबायचं नाही, काटा आपला वापरायचा.

तपासणारा काय बघतो

या दोन्ही प्रकरणांवरून तपासणीचे प्रश्न ठरवता येतात. पॅच लहान असो वा मोठा, ते बदलत नाहीत.

माप कुठून आलं? प्रोसेसरला विचारून, कर्नलच्या नोंदीतून, की वापरणाऱ्या प्रोग्रामकडून? तिसऱ्या वाटेने आलेला आकडा पडताळल्याशिवाय वापरायचा नाही.

कोणतं माप? x८६ कर्नलमध्ये एकाच गोष्टीची चार मापं आहेत : कर्नलच्या आतलं आणि प्रोग्रामला दिसणारं, शिवाय दोन्हींचं नेहमीचं आणि जास्तीत जास्त. नव्या प्रोसेसरवर कर्नल आत हिशेब दाटीवाटीने ठेवतो, तर प्रोग्रामला देताना ठरलेल्या अंतरांवर मांडून देतो. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि चुकीचा चालतो.

माप घेतल्यापासून वापरेपर्यंत मध्ये काही बदललं का? लांबी, परवानगी किंवा बफर, यातलं एक बदललं आणि बाकीचं जुनंच राहिलं, असा एकही क्षण उघडा राहता कामा नये.

मेमरी मिळाली नाही तर? नवा बफर हातात येईपर्यंत जुना शाबूत हवा. अपयशाची वाट रोजच्या वापरात क्वचितच येते, म्हणून ती वाचूनच तपासावी लागते.

रिकाम्या जागेत काय आहे? वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर न वापरलेल्या सोयींचा भाग लिहितच नाही. तिथे आधीचं काही उरलेलं असू शकतं. प्रोग्रामला प्रत देताना तो भाग ठरलेल्या सुरुवातीच्या किमतींनी भरला नाही, तर दुसऱ्याचा डेटा बाहेर जाऊ शकतो.

सहीची किंमत

लिनक्समध्ये तपासणाऱ्याने समाधान झाल्याचं कळवलं की त्याचं नाव पॅचसोबत कायमचं नोंदलं जातं. ताळेबंदावर लेखापरीक्षक सही करतो, तशीच ही जबाबदारी. हिशेब त्याने लिहिलेला नसतो, पण तो बरोबर आहे असं त्याने म्हटलेलं असतं. चाचण्या चालवून बरंच कळतं, सगळं नाही. एखादी चाचणी लहानाकडून मोठ्याकडे गेलीच नाही, तर पहिली चूक तिला दिसणार नाही. सगळे प्रोग्राम सरळ वागले, तर दुसरी चूक कधीच समोर येणार नाही. अशा ठिकाणी माणसाचं वाचन लागतं.

लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि प्रत्येक दुरुस्तीसोबत तिचं कारणही लिहिलेलं असतं. बेळगाव, इंदूर किंवा वडोदऱ्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना ते फुकट वाचता येतं. वर सांगितलेल्या दोन दुरुस्त्या सुरुवातीला उत्तम, कारण त्या मोजक्या ओळींच्या आहेत. आधी जुना कोड वाचावा, चूक स्वतः शोधून पाहावी आणि मगच उत्तर बघावं.