ओतकामातील दोष, घरगुती

वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतून लहान प्रमाणावर वस्तू बनविताना तीत राहणाऱ्या छिद्रे, पोकळ्या, खडबडीतपणा, अपुरा आकार इ. उणिवांना ओतकामातील दोष म्हणतात. घरगुती कामात बहुधा ॲल्युमिनियम (वितळबिंदू ६६०° से.), पितळ किंवा कासे वापरतात. साचा ओल्या वाळूचा अथवा मेणाच्या प्रतिकृतीभोवती प्लॅस्टर ओतून व नंतर मेण जाळून केलेला असतो. दोष दिसताच रस अधिक तापविण्याकडे नवशिक्यांचा कल असतो. त्याने दोष पुष्कळदा वाढतोच.

छिद्रांचे निदान प्रथम करावे लागते. गोल व गुळगुळीत भिंतींची छिद्रे वायूमुळे पडतात, तर खरबरीत, वेड्यावाकड्या पोकळ्या आकुंचनामुळे. एकाचा उपाय दुसऱ्यास चालत नाही. ॲल्युमिनियम थिजताना त्याचे घनफळ सु. ६ टक्क्यांनी घटते. ही तूट रायझर म्हणजे जादा रस साठविणारी उभी पोकळी भरून काढते. थिजण्याचा काळ घनफळ व पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून रायझर जाड भागालगत व त्याहून जाड हवा. बारीक असल्यास तोच आधी थिजतो आणि उलट वस्तूतील रस ओढून घेतो.

द्रव ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो, घनरूपात मात्र तो जवळजवळ मावत नाही व बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो. तो मुख्यतः ओलाव्यातून येतो आणि तापमानाबरोबर त्याची विद्राव्यता वाढते. वाळूत बेंटोनाइट माती सु. ५ ते १० टक्के व पाणी ३ ते ५ टक्के पुरते. मुठीत दाबलेला गोळा मधोमध स्वच्छ मोडावा, तळहात ओला होऊ नये. पाणी जास्त झाल्यास किंवा वाळू फार ठासल्यास वाफेला वाट मिळत नाही. तारेने टोचून ती द्यावी. वाळू कोरडी पडल्यास तिचे कण रसाबरोबर वाहून वस्तूत रुततात.

प्लॅस्टरच्या साच्यात जिप्सम व सिलिका असते. कालविताना राहिलेले हवेचे बुडबुडे वस्तूवर धातूच्या मण्यांच्या रूपाने उमटतात. क्वॉर्ट्‌झ ५७३° से.ला एकाएकी प्रसरण पावते, म्हणून साचा घाईने तापविल्यास तडे जाऊन वस्तूला पातळ पापुद्रे सुटतात. मेणाचा कार्बन शिल्लक राहिला तर बारीक तपशील भरत नाहीत. उलट सु. ७३०° से.च्या फार वर गेल्यास जिप्समाचे अपघटन होऊन गंधकयुक्त वायू निघतात व पृष्ठभाग सच्छिद्र होतो. भट्टीत तापमापक नसेल, तर हे सांभाळणे कठीणच.

दोषांहून धोके गंभीर. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सु. १,६०० पटींनी वाढते, त्यामुळे ओल्या भंगाराचा एक तुकडाही मुशीतील रस उसळवू शकतो. काँक्रीटच्या फरशीवर सांडलेला रसही तिच्यातील ओलाव्यामुळे ती फोडतो. खाली कोरड्या वाळूचा थर असावा. पितळ अतितप्त केल्यास त्यातील जस्त (उकळबिंदू ९०७° से.) जळून पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, म्हणून पितळ उघड्यावर व वाऱ्याकडे पाठ करून वितळवितात.