उंदराचा स्नायू आणि पहिली 30 मिनिटं



उप्पल रस्त्यावरची सीसीएमबी आपण हैदराबादकरांनी बाहेरून अनेकदा पाहिली आहे. कोविडच्या काळात तिचं नाव बातम्यांत सतत असायचं. मला मात्र आज तिथल्या एका जुन्या कामाबद्दल सांगायचंय.

क्रिकेट खेळताना मांडीला मार बसला, तर काही आठवड्यांत ती बरी होते. हे कोण करतं? स्नायूच्या तंतूंना चिकटून काही मूळपेशी झोपलेल्या असतात. 1961 मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी बेडकाच्या स्नायूत त्या पाहिल्या आणि त्यांना 'सॅटेलाइट सेल' म्हटलं. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, नवे तंतू बांधतात. काही पुन्हा झोपी जातात, पुढच्या वेळेसाठी.

त्यांना जाग कशी येते, हे जनुकं सांगतात. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची तीच वही असते. पण आईच्या पाककृतींच्या वहीतून संक्रांतीला तिळगुळाचं पान उघडतं आणि गणपतीत मोदकांचं, तसंच पेशीचंही असतं. कोणतं पान केव्हा उघडलं, हे मोजणं म्हणजे जनुकांच्या अभिव्यक्तीचा अभ्यास.

सीसीएमबीतल्या डॉ. ज्योत्स्ना धवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नेमकं हेच मोजलं. उंदराच्या स्नायूला इजा झाल्यावर 'ट्रिस्टेट्राप्रोलिन' या जनुकाचा संदेश अवघ्या 30 मिनिटांत दिसला. पेशीला स्नायू व्हायला लावणारं 'मायोडी' त्यानंतर जागं झालं. आणखी एक जनुक सापडलं, ते पांढऱ्या पेशींना बोलावणारं. म्हणजे या मूळपेशी नुसतं गवंडीकाम करत नाहीत, मदतीला हाकाही मारत असाव्यात.

याचा आपल्या घरांशी काय संबंध? ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात 'डिस्ट्रोफिन' हे प्रथिन बनत नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. स्नायू पुन्हा पुन्हा तुटतो, दुरुस्ती मागे पडते आणि स्नायूच्या जागी चरबी व तंतुमय ऊती येतात. 1984 मध्ये वर्णन झालेल्या 'एमडीएक्स' उंदरातही हेच प्रथिन नसतं, तरी तो बराच काळ नीट हिंडतो-फिरतो. दोष तोच, पण त्याची दुरुस्ती अधिक टिकते. म्हणूनच उंदरात जमलेला उपचार मुलात जमेलच असं नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण 'स्टेम सेलने हमखास बरा' अशा जाहिराती हतबल आईवडिलांपर्यंत लगेच पोचतात. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या आजारांतील प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

तेव्हा कुणी लाखांची पावती पुढे केली, तर दोनच प्रश्न विचारा: चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक कोणता? आणि पैसे कशाचे? मग घरी, नातेवाइकांत, सोसायटीच्या ग्रुपवरही हे सांगा. आणि तुमच्यापैकी कुणाला बारावीनंतर जीवशास्त्र घ्यायचं असेल, तर झोपलेल्या पेशी म्हातारपणी उशिरा का उठतात, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.