काळ्या गाडीवरचं जाळं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजात कारागिरानं शटर अर्धं खाली ओढलं आणि काळ्या बॉनेटवर टॉर्च धरली. उंबऱ्याबाहेर उभी असताना ती केए-२२ गाडी नवीकोरी वाटली होती. टॉर्चच्या झोताभोवती मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उमटली. "साहेब, कोरड्या फडक्याचं काम बघा हे," तो म्हणाला.

खरं तर हे ओरखडे गोल नसतातच. ते वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती रिंगण दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, पण पांढरा रंग स्वतःच इतका उजेड परत फेकतो की ते त्यात हरवतात. काळा रंग उजेड पिऊन टाकतो आणि प्रत्येक रेघ उठून दिसते.

कोगनोळीहून तवंदी आणि वंटमुरीचे घाट ओलांडत गाडी बेळगावात येते, तेव्हा तिच्या अंगावर धुळीचा थर असतो. त्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण. त्यांच्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासणंच.

त्या पारदर्शक थराला क्लिअर कोट म्हणतात. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग काळा रंग आणि सगळ्यात वर हा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. ऊन अडवण्याचं कामही तोच करतो. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवून सपाट करणं. प्रत्येक पॉलिशला हा साठा थोडा घटतो आणि तो परत येत नाही. नखाला अडकणारा ओरखडा म्हणूनच जाणता कारागीर पुरता काढत नाही, कडा मऊ करून सोडून देतो.

जुन्या अँबॅसिडर, पद्मिनीच्या रंगावर क्लिअर कोट नसायचा. रबिंग करताना फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं आणि त्यात वावगं काही नव्हतं. आजच्या गाडीवर पॅडला काळा रंग लागला, तर क्लिअर कोट संपला असं समजायचं. मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही.

या कारागिराची तयारी पाहण्यासारखी होती. गाडी धुऊन झाल्यावर ओल्या पत्र्यावर क्लेचा गोळा फिरवून रुतलेले कण काढले. दाराच्या कडांवर टेप लावला, कारण कडेला रंग पातळ असतो. मीटरनं थराची जाडी मोजली. प्लास्टिकच्या बंपरवर हा मीटर चालत नाही, तिथे हात सांभाळूनच चालवायचा. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात, दोन वीत जागेवर, आधी सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोम. तेवढ्यानं भागलं नाही तरच जास्त खरखरीत कंपाऊंड.

नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन झपाट्यानं काम करतं, पण एका जागी थांबलं की रंग तापवतं आणि उन्हात दिसणाऱ्या लाटा मागे ठेवतं. फिरता फिरता डोलणारं ड्युअल अॅक्शन मशीन संथ असतं. काळ्या गाडीवर शेवटचा हात त्याचाच असावा, हे माझं ठाम मत.

पॉलिशमधलं तेल बारीक रेघांत बसून त्या झाकतं. म्हणून हा कारागीर पत्रा स्पिरिटनं पुसून पुन्हा टॉर्च धरतो. गिऱ्हाइकानं हे समोर करून घ्यावं. नुसती तेलाची चमक दोन धुण्यांत उतरते.

दर खंडेनवमीला निपाणी-बेळगावच्या घराघरांत गाड्या धुऊन हार घातले जातात. यंदा फडकं हातात घेण्याआधी गाडीवर भरपूर पाणी सोडा, धूळ वाहून जाऊ द्या, आणि जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावू नका.