रेजेक्स अडकतो कुठे?

तुमची स्क्रिप्ट हजारो ओळी भराभर वाचते आणि मग एकाच ओळीवर तासभर अडकते, असं झालंय का? डेटाला दोष देण्याआधी पॅटर्नमधले कंस बघा.

^(क+)+$ हा पॅटर्न घ्या. ओळीत नुसते ३० ‘क’ असतील तर तो लगेच जुळतो. आता शेवटी एक ‘ख’ जोडा. जुळणं अशक्य आहे, पण साध्या बॅकट्रॅकिंग इंजिनाला ते कळत नाही. ते मागे येतं आणि गट पुन्हा पाडतं: २९ आणि १, मग २८ आणि २, मग २८, १, १... ३० ‘क’ असे विभागायचे २ चा २९ वा घात, म्हणजे सुमारे ५३ कोटी मार्ग आहेत. एक ‘क’ वाढला की काम दुप्पट!

२ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर सुमारे २७ मिनिटं कोलमडली, तीही एका रेजेक्सच्या बेसुमार बॅकट्रॅकिंगमुळेच.

उपाय सोपा आहे. कंसाबाहेरचा + काढा: ^(क+)$. जुळणाऱ्या ओळी त्याच, पण गट पाडायचा मार्ग एकच. आणि पॅटर्न तपासताना शेवटच्या अक्षरावर फसणारी लांब ओळ मुद्दाम देऊन बघा. जुळणाऱ्या ओळींवर ही चूक दिसतच नाही.